डाग पुसले, दोर तसाच

या आठवड्यात एका यॉटमालकाने मोठ्या समाधानाने सांगितलं की त्याच्या बोटीच्या श्राउडवरच्या, म्हणजे डोलकाठीला बाजूने ताणून धरणाऱ्या तारेच्या दोरावरच्या, तांबूस डागांचं कारण सापडलं: करंट लीक होतोय. डोलकाठीतल्या सगळ्या वायरी बदलून झाल्या, डाग पुसून झाले. श्राउडच्या खालच्या टोकाचं स्वेज, म्हणजे तारेवर दाबून बसवलेली धातूची नळी, मात्र कुणी भिंग लावून पाहिलं नाही. याचा मला संताप येतो. स्टेनलेसचा दोर बहुतेक वेळा तिथेच दगा देतो, आणि मग डोलकाठी माणसांच्या अंगावर येते.

काठीवरच्या दिव्याला दोन स्वतंत्र वायरी हव्यात, काठीलाच परतीची वायर करू नये, हे मी इथे वारंवार लिहिलंय आणि पुढेही लिहीन. पण करंट धातू कुठे खातो, ते तरी समजून घ्या.

मुंबईकराला ते रेल्वेवरून कळेल. 3 फेब्रुवारी 1925 रोजी व्हीटी ते कुर्ला विजेची पहिली गाडी धावली ती 1500 व्होल्ट डीसीवर. मुंबईच्या लोकलमधून डीसी पूर्ण जायला 2016 उजाडलं. डीसी गाडीचा करंट रुळांतून सबस्टेशनकडे परततो. त्यातला थोडा जमिनीत झिरपतो, वाटेतल्या लोखंडी पाइपात शिरतो आणि सबस्टेशनजवळ पाइप सोडून पुन्हा मातीत उतरतो. पाइपाला भोक पडतं ते या उतरण्याच्या जागी. जिथे करंट शिरतो तिथे लोखंड उलट सुरक्षित राहतं. मधल्या लांबीतून तो नुसता वाहून जातो. एक अँपिअर वर्षभर असा उतरत राहिला, तर सुमारे 9 किलो लोखंड विरघळवू शकतो.

बोटीत या मातीची जागा समुद्र घेतो. तळात (बिल्जमध्ये) साठलेलं पाणी उपसणाऱ्या बिल्ज पंपाच्या वायरीचा जोड भिजला की 12 व्होल्टच्या बॅटरीचा करंट थ्रू-हल (बोटीच्या बुडातून आरपार जाणारं धातूचं फिटिंग) किंवा प्रोपेलर शाफ्टमधून पाण्यात उतरतो आणि महिन्यांचं गंजणं दिवसांत उरकतो. श्राउड हवेत असतो. त्यातून करंट गेला तरी उतरायला तिथे पाणी कुठाय? श्राउड बोटीला जिथे अडकवतात त्या पट्टीचं, चेनप्लेटचं, टोक बिल्जच्या पाण्यात बुडत असेल, तर तेवढा अपवाद.

स्वेजमध्ये घडतं ते वेगळंच. तारेच्या पदरांमधून खारं पाणी आत उतरतं आणि तिथेच अडकतं. आत ऑक्सिजन पोचत नाही, त्यामुळे स्टेनलेसचा संरक्षक थर एकदा फुटला की पुन्हा धरत नाही आणि मीठ धातू पोखरत जातं. डेकमधून जाणाऱ्या चेनप्लेटचं सीलंटखाली हेच होतं. ॲल्युमिनियमच्या काठीवर स्टेनलेसच्या स्क्रूभोवती जमणारी पांढरी भुकटी दोन धातूंच्या संगतीची, तिलाही बॅटरी लागत नाही. ब्रिटिश नौदलाने 1761 मध्ये ‘अलार्म’ जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे ठोकले. दोनेक वर्षांत लोखंडी खिळे खाल्ले जाऊन पत्रे सुटू लागले. व्होल्टाची बॅटरी 1800 ची!

बोटी आता किनाऱ्यावर आहेत. नारळी पौर्णिमेनंतर त्या पाण्यात जाण्याआधी दोन कामं कराच. सगळे स्विच बंद करून, बॅटरीची वायर सोडवून मध्ये मीटर लावा. आकडा दिसला तर तो कुठून येतो हे शोधा. आणि प्रत्येक स्वेज भिंगाखाली धरा. वरवरचे डाग धुऊन जातात, पण स्वेजच्या तोंडातून पुन्हा पुन्हा येणारा तांबूस ओघळ सोडू नका. केसाएवढी चीर दिसली तरी तो दोर बदला, पॉलिश करू नका.