खरखर, घुंऽऽ आणि सासूबाईंचा आवाज

मैत्रिणींनो, या पानाकडे तक्रारीची पत्रं नेहमीच येतात. कुणाचं लोणचं बुरसतं, कुणाचा मिक्सर धूर काढतो. पण पनवेलजवळच्या एका भगिनींचं पत्र वाचलं आणि वाटलं, या वेळचं सगळं पान यालाच द्यावं. पत्र थोडं आवरून देते.

‘माझ्या सासूबाई आमच्या गावच्या धवलारीण होत्या. त्यांचे धवले भरलेली एकच कॅसेट घरात आहे, थोरल्या दिरांच्या लग्नातली. तुळशीच्या लग्नानंतर माझ्या मुलीचं लग्न ठरलं आहे. निदान हळदीला तरी आजीचा आवाज वाजावा अशी सगळ्यांची इच्छा. मुलाने जुन्या टू-इन-वनची वायर कॉम्प्युटरला जोडली, तर नुसतं घुंऽऽ ऐकू येतं, त्यातून सासूबाई कुठेतरी विहिरीतून बोलल्यासारख्या. मुलगा म्हणतो कॉम्प्युटरचा साउंड गेला. दुकानदार म्हणतो टेप जुनी झाली, टाकून द्या. काय करू?’

आधी एक करा, काहीही टाकू नका!

दूरच्या मैत्रिणींसाठी सांगते, रायगड-ठाण्याकडच्या आगरी समाजात लग्नाचे विधी धवलारीण गाऊन पार पाडते. ती गाते ते धवले. ते तिला तोंडपाठ असतात, आधीच्या धवलारणीकडून ऐकून शिकलेले. म्हणजे ही कॅसेट ही एका घराची आठवण आहेच, पण गावाची पोथीही आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली, नव्या मुंबईसाठी इकडच्या जमिनी गेल्या, गावांना इमारतींनी वेढलं आणि लग्नं हॉलमध्ये गेली. तिथे डीजेच्या भिंतीपुढे धवलारणीचा आवाज कुठून ऐकू येणार?

आता दोष कोणाचा ते पाहू. अशा वेळी आपण कॉम्प्युटरवर खापर फोडतो आणि खरा गुन्हेगार असते ती वायर. चोर सोडून संन्याशाला फाशी! आमटी बिघडली की आपण सगळे मसाले एकदम बदलतो का? एकेक चाखून पाहतो. इथेही तसंच करायचं. कॉम्प्युटरवर एखादं गाणं लावून कानाला हेडफोन लावा. नीट ऐकू आलं तर साउंड गेला ही गोष्ट तिथेच संपली. मग टू-इन-वनला थेट हेडफोन लावा. तिथेही आवाज स्वच्छ असेल तर बिघाड मधल्या वायरीत किंवा जोडणीत आहे.

ते घुंऽऽ म्हणजे आपल्या घरातल्या विजेचाच सूर आहे. वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, आणि दोन यंत्रं दोन वेगळ्या बोर्डांवर लावून एका वायरीने जोडली की तो हेलकावा त्या वायरीतून आवाजात शिरतो. उपाय अगदी सोपा. टू-इन-वनमध्ये नवे सेल घाला, लॅपटॉपचा चार्जर काढून तो बॅटरीवर चालवा. भिंतीतल्या विजेशी संबंधच तुटला की बहुतेक वेळा घुंऽऽ नाहीसं होतं. टेबलावरचा मोठा कॉम्प्युटर असेल तर तो आणि टेप एकाच बोर्डावर लावा. कुणी ‘प्लगची अर्थिंगची पिन मोडा, आवाज जाईल’ असं सांगितलं तर मात्र त्याला हात लावू देऊ नका. आवाज जाईलही, पण ती पिन शॉकपासून वाचवण्यासाठी असते.

मोठ्या कॉम्प्युटरच्या मागे आवाजाची तीन रंगीत भोकं असतात. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं, निळं बाहेरचा आवाज आत घेण्याचं. माइकचा आवाज फार बारीक असतो, म्हणून गुलाबी भोक येईल तो आवाज कितीतरी पटीने मोठा करतं. टेपची वायर त्यात खुपसली की आवाज फाटणारच. ती निळ्यात घाला. लॅपटॉपला निळं भोक बहुधा नसतं. त्यासाठी यूएसबीला लावायची छोटी डबी मिळते. घेताना ‘लाइन-इन आहे का?’ एवढं विचारा, कारण काहींत फक्त माइकची सोय असते.

खरं तर कॉम्प्युटरला गळा दिला तोच मुळी नंतर, उपरा. १९८१ साली आयबीएमचा पहिला घरगुती आकाराचा कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या पोटात एक बारकासा स्पीकर होता आणि त्याला टूं म्हणण्यापलीकडे फारसं काही येत नसे. हिशेबाच्या यंत्राला गाणं कशाला, असाच तेव्हा विचार. १९८९ मध्ये सिंगापूरच्या एका कंपनीचं साउंड ब्लास्टर नावाचं कार्ड आलं आणि त्यानंतर घरोघरीचे कॉम्प्युटर बोलू-गाऊ लागले. विंडोज ९५ सुरू होताना वाजायचा तो काही सेकंदांचा मंजुळ नाद आठवतो ना? तो ब्रायन इनो या नामवंत इंग्रज संगीतकाराकडून मुद्दाम करून घेतला होता. एवढ्याशा नादासाठी संगीतकार, आणि मागे लावायची वायर मात्र सगळ्यांत स्वस्त! आपल्याकडे लग्नात आहेराच्या पाकिटाचं होतं तसंच.

आता कॅसेटकडे वळू, कारण घाई तिची आहे. कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढली. आत प्लॅस्टिकची पातळ फीत, जेमतेम चार मिलिमीटर रुंद, आणि तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणजे जवळजवळ गंजाचाच, बारीक लेप. आवाज त्या लेपात असतो. आपल्या पनवेलचा पाऊस आणि खाडीची दमट हवा या लेपाला आणि तो धरून ठेवणाऱ्या चिकट द्रव्याला मानवत नाही. कपाटातल्या चपलांना येते तशी बुरशी फितीलाही येते. कॅसेटच्या खिडकीतून पाहा. फितीच्या गुंडाळीवर पांढरट डाग दिसले तर ती मशीनमध्ये घालू नका, नाहीतर बुरशी यंत्राला आणि तिथून दुसऱ्या कॅसेटला लागेल. अशी कॅसेट जाणकाराकडेच द्यावी.

गोधड्या आणि पापडांप्रमाणे कॅसेटलाही ऊन दाखवावं असं एखादीच्या मनात येईल. तसं अजिबात करू नका! प्लॅस्टिक वाकतं. तांदळाच्या डब्यातही नको, कणी आणि पीठ आत जातं. नव्या पर्सच्या कप्प्यात किंवा औषधाच्या बाटलीत ओल शोषणाऱ्या गोळ्यांची पुडी मिळते, तशा दोन-तीन पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा आणि डबा स्पीकरपासून लांब, कारण स्पीकरच्या पोटात लोहचुंबक असतं. उतरवण्याचं काम भर आषाढ-श्रावणात न करता नवरात्रानंतर हवा कोरडी झाली की करावं. आपल्या या भगिनींना मुहूर्त नेमका साधतो आहे.

टू-इन-वनवर एकदम विश्वास टाकू नका. आतला रबरी पट्टा इतक्या वर्षांत सैल पडतो, कधी गुळाच्या पाकासारखा चिकट होतो. मग आवाज लहरत येतो, धवलारीण डोलते आहे की काय असं वाटावं! फीत दाबून पुढे ओढणारं रबरी चाक कडक झालं की यंत्र फीत ‘खातं’. म्हणून आधी ज्याचं काही वाटणार नाही अशी एखादी भजनाची कॅसेट दोन्ही बाजूंनी पूर्ण वाजवून पाहा. पट्टा बदलून देणारे दुरुस्तीवाले जुन्या बाजारपेठांतून अजून मिळतात, पण फोन करून विचारून जा. फीत जिथे घासत जाते तो धातूचा ठोकळा, म्हणजे हेड, तपकिरी झालेला असेल तर केमिस्टकडच्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये कापसाची काडी बुडवून हलक्या हाताने पुसा. थिनर किंवा अत्तर वापरू नका.

आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो असं पत्रात आहे. त्याचं कारण हेडवरचा मळ असू शकेल, किंवा कॅसेटच्या तोंडाशी असणारा लोकरीचा छोटा तुकडा. तो फीत हेडवर दाबून धरतो, आणि गोंद सुकला की गळून पडतो. कॅसेट स्क्रूची असेल तर आतली दोन्ही चाकं फितीसकट उचलून दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या खोळीत बसवता येतात. निवांत दुपारी, पंखा बंद करून, स्वच्छ कागदावर करण्याचं हे काम आहे. फीत बाहेर आली असेल तर सहाकोनी पेन्सिल चाकात घालून हळूहळू गुंडाळा. आणि कॅसेटच्या पाठीवरचे दोन कोपऱ्यातले चिमुकले तुकडे शाबूत असतील तर ते आत्ताच मोडून टाका, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही भरलं जाणार नाही. कित्येक घरांत आजोबांच्या कीर्तनावर सिनेमाची गाणी भरली गेली ती या दोन तुकड्यांपायी.

कॉम्प्युटरमध्ये उतरवून घ्यायला ऑडॅसिटी नावाचा फुकट मिळणारा प्रोग्राम पुरतो. मुलांना सांगा, आधी ‘वेव्ह’ प्रकारात ठेव. त्यात काही गाळलं जात नाही. मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे ६० मिनिटांच्या कॅसेटला ६०० एमबी जागा लागते. नातेवाइकांना धाडायला त्यावरून लहान एमपी३ करावी. खरखर काढण्याचा उत्साह मूळ प्रतीवर दाखवू नये. खरखर पुसताना बांगड्यांची किणकिण आणि मागची झीलही पुसली जाते. कॉम्प्युटरचे आणि मोबाइलचे टिंग-टुंग त्या तासापुरते बंद ठेवा. वायर न जोडता टेपपुढे मोबाइल धरून भरणार असाल तर कुकरही लावू नका, शिट्टी कायमची धवल्यात जाऊन बसेल.

एवढं झालं तरी कॉम्प्युटरला तिजोरी समजू नका. जुना कॉम्प्युटर आजारी पडला की सांगतो तरी. सुरू होताना नेहमीच्या एका टूंऐवजी ओळीने बऱ्याचदा टूं-टूं केलं तर आतलं काहीतरी सैल झालं आहे. घरघर म्हणजे पंख्यात धूळ. आणि पोटातून टक्-टक्-टक् असा ठेका येऊ लागला तर हातातली पोळी तव्यावर सोडून या, इतकी घाई समजा. माहिती साठवणारी फिरती तबकडी मरायला टेकली आहे, असेल ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या. नव्या कॉम्प्युटरमध्ये फिरणारी तबकडीच नसते. तो शांत असतो, आणि शांतपणेच जातो. टेपरेकॉर्डर निदान कुरकुरत तरी होता! म्हणून एक प्रत कॉम्प्युटरवर, एक पेन ड्राइव्हवर आणि एक दुसऱ्या घरात, नणंदेकडे किंवा माहेरी ठेवा. दर दिवाळीला तिन्ही वाजवून पाहा. कॅसेट मात्र तरीही जपायची. हळदीला डीजेवाल्याच्या हाती द्यायची ती पेन ड्राइव्हवरची प्रत. मूळ कॅसेट मांडवात न्यायचीच नाही.

राहता राहिलं नाव. कॉम्प्युटर आपणहून नाव देतो ते ‘रेकॉर्डिंग १’, आणि दहा वर्षांनी ते कोण उघडणार? पुण्याच्या हेमा राईरकर आणि फ्रान्सहून येऊन इथलेच झालेले गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्राच्या गावागावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल या संगीताच्या संगणकतज्ज्ञाने त्यांना साथ दिली, बऱ्याच ओव्या गाणाऱ्या बायकांच्या आवाजातच भरून घेतल्या गेल्या. २०१७ पासून ‘परी’ या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात, आणि तिथे ओवीबरोबर बाईचं नाव आहे, गाव आहे. तुम्हीही तसंच लिहा. धवलारणीचं पूर्ण नाव, माहेरचं गाव, सासरचं गाव, लग्न कोणाचं, साल कोणतं, मागे झील धरणाऱ्या बायका कोण. त्यांतली एखादी अजून गावात असेल. तिला घरी बोलवा, चहा ठेवा, प्रत ऐकवा आणि शब्द वहीत उतरवून घ्या. टेपवर आपल्याला अस्पष्ट ऐकू येणारा शब्द ती बाई सहज सांगेल. पण हे पत्रिका वाटायला निघण्याआधी करा. एकदा पाहुणे येऊ लागले की लग्नघरात कुणाला सवड नसते.