शिस्त लावावयाची कीं शिकवावयाची?

दसरा-दिवाळी उलटली, कीं बीड जिल्ह्यांतील गांवें रिकामीं होऊं लागतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठीं नवरा-बायकोचा एकेक कोयता पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांची वाट धरतो आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत घरीं उरतात तीं म्हातारीं माणसें व शाळेंत जाणारीं मुलें. नारायणगडाची पंचक्रोशीहि या जिल्ह्याच्या नशिबाबाहेरची नाहीं. नेमकें याच पांच-सहा महिन्यांत माध्यमिक शाळांचें दुसरें सत्र चालतें, दहावीची परीक्षा येते, आणि नेमकी याच महिन्यांत ‘मुलें बिघडलीं’ ही ओरड शिक्षकांच्या खोलींतून व गांवच्या पारावरून ऐकूं येते. ओरड सर्वस्वी खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. मुलें उशिरां येतात, वर्गांत झोंपतात, उलट उत्तर देतात, मोबाईलमध्यें डोकें घालून बसतात, प्रसंगीं एकमेकांवर हात टाकतात. हें डोळ्यांनीं दिसतें तें नाकारावें कशाला? वाद आहे तो उपायाविषयीं. उपाय म्हणून जें सुचविलें जातें तें बहुधा दोनच शब्दांत संपतें: एक, छडी, आणि तिनें न भागल्यास दुसरा, दाखला. या दोन्ही शब्दांचा आज विचार करावयाचा आहे.

प्रथम शिक्षकाची बाजू न्यायानें मांडली पाहिजे. एका वर्गांत साठ-सत्तर मुलें. अध्यापनाखेरीज माहिती भरण्याचीं, मोजण्याचीं व कळविण्याचीं शेंकडों कामें. निकाल घसरला तर संस्थाचालकांचा रोष. आणि मुलाच्या अंगास बोट लावलें तर चौकशी. उलट पक्षीं कित्येक पालक स्वतःच शाळेंत येऊन सांगतात, कीं मास्तर, हाडें तेवढीं आमचीं ठेवा, बाकी मूल तुमच्या स्वाधीन. अशा कचाट्यांत सांपडलेल्या मनुष्यास केवळ ‘मारूं नका’ एवढेंच सांगून जो मोकळा होतो, त्यानें त्यास अर्धाच उपदेश केला. उरलेला अर्धा आम्ही पुढें सांगणार आहों. परंतु पहिल्या अर्ध्यास पर्याय नाहीं, हें आधीं स्पष्ट केलें पाहिजे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्याच्या १७ व्या कलमानें शारीरिक शिक्षा व मानसिक छळ हीं दोन्हीं निषिद्ध ठरविलीं असून तसें करणारा सेवानियमांप्रमाणें शिस्तभंगाच्या कारवाईस पात्र होतो. त्यापूर्वींच, २००० सालीं, दिल्लीच्या उच्च न्यायालयानें शाळेंत छडी मारण्यास मुभा देणारा तेथील नियम घटनेच्या १४ व्या व २१ व्या कलमांस विरोधी म्हणून रद्द केला होता. येथें कांहीं चतुर गृहस्थ असा मुद्दा काढतात, कीं २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांपुरता, म्हणजे आठवीपर्यंतचा, नववी-दहावीचें काय? यास आमचें उत्तर असें. २०१५ च्या बालन्याय कायद्याचें ७५ वें कलम अठरा वर्षांखालील प्रत्येक मुलास लागू आहे. मूल ज्याच्या ताब्यांत वा देखरेखींत आहे त्यानेंच त्यास मारहाण केली, वा विनाकारण शारीरिक-मानसिक क्लेश होतील असें वागविलें, तर तीन वर्षांपर्यंत कैद, वा एक लाख रुपयांपर्यंत दंड, वा दोन्ही शिक्षा होऊं शकतात. राहिली पालकांची संमति. पालकाच्या संमतीनें, मुलाच्या हितासाठीं, सद्‌हेतूनें केलेल्या कृत्यास संरक्षण देणारें जें कलम जुन्या दंडसंहितेंत होतें व जें १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंतहि राहिलें आहे, तें बारा वर्षांखालील मुलापुरतें आहे. तेव्हां नववींतील मुलाच्या बापानें मास्तरांस दिलेला मारण्याचा मुखत्यारनामा या कलमाच्या आधारें तरी उभा राहत नाहीं.

परंतु कायद्याच्या भीतीनें टाकलेली छडी कपाटांत जाते, मनांतून जात नाहीं. म्हणून जुन्या परंपरेची साक्ष काढणारांसहि त्यांच्याच परंपरेचें वचन दाखवूं. पांच वर्षें लाड, पुढें दहा वर्षें ताडन आणि सोळावें लागतांच मित्रत्व, अशी पूर्वजांची वांटणी म्हणून सांगतात. ती मान्य केली तरी दहावीचा विद्यार्थी सोळाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर उभा आहे. म्हणजे ज्या वयांत मैत्री सांगितली, त्याच वयांत आपण छडी उगारतों! आणि ज्यांस छडी ही साहेबाच्या शाळेची देणगी वाटते, त्यांनीं हेंहि ऐकावें, कीं खुद्द इंग्लंडच्या कॉमन्स सभेनें २२ जुलै १९८६ रोजीं २३१ विरुद्ध २३० अशा एका मताच्या अधिक्यानें सरकारी शाळांतून छडी हद्दपार केली व पुढील वर्षापासून ती बंद झाली. स्वीडननें तर शाळेंतील मार १९५८ सालींच थांबविला होता. ज्यांचें अनुकरण करावयाचें त्यांनीं टाकून दिलेलें शस्त्र आपण जपून ठेवावें, यांत कोणता राष्ट्राभिमान आहे?

आतां उपदेशाचा उरलेला अर्धा. आमचें मत असें आहे, कीं वर्तन ही शिकविण्याची गोष्ट आहे. मुलास त्रैराशिक येत नसेल तर आपण तें पुन्हां समजावून सांगतों. वाचतां येत नसेल तर शेजारीं बसून वाचून घेतों. परंतु राग आवरतां येत नसेल, वेळ पाळतां येत नसेल, तर तें मात्र त्यास जन्मतःच आलें पाहिजे असें गृहीत धरून शिक्षा करतों. हा न्याय कोठला?

नारायणगडाच्या भूमीस हा धडा नवा वाटूं नये. संत नगद नारायण महाराजांच्या या स्थानास लोक धाकटी पंढरी म्हणतात. दिंडी ज्यानें पाहिली आहे त्यानें आठवावें, कीं शेंकडों माणसें एका लयींत चालतात, थांबतात, नाचतात. परंतु तेथें कोणाच्या हातांत छडी असते काय? नवशिका पोर जुन्या टाळकऱ्याच्या शेजारीं उभा केला जातो. त्याची पावली चुकली तर शेजारचा आपली पावली अधिक ठसठशीत टाकतो. त्याच्या हातीं कधीं पताका, कधीं टाळ देऊन त्यास कामांत गुंतविलें जातें. प्रत्येकास जागा आहे, काम आहे, आणि पुढें चालणारा स्वतः नियम पाळतो आहे; या तीन गोष्टींवर ती शिस्त उभी आहे. त्याच तीन गोष्टी शाळेच्या वर्गांत आणणें अशक्य कां असावें?

आणि मूल चुकतें कां, हें विचारल्यावांचून त्यास सुधारूं पाहणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देणें होय. ज्या मुलीचे आईबाप थळावर आहेत, ती पहांटे उठून पाणी भरते, आजीस भाकरी करून देते, धाकट्या भावाचें आवरते आणि मग शाळेची वाट चालूं लागते. ती घंटेनंतर दहा मिनिटांनीं पोंचली तर तिला वर्गाबाहेर उभें करणें हें कोणत्या शिस्तीचें शिक्षण? जो मुलगा आईबापांबरोबर जाऊन चैत्रांत परततो, त्याचा अभ्यास तर बुडालाच. परंतु ‘येत नाहीं’ म्हणण्याची लाज टाळण्यासाठीं तो उद्धटपणाचें सोंग घेतो, कारण वर्गांत ढ ठरण्यापेक्षां द्वाड ठरणें त्यास अधिक सोसतें. त्याच्या उद्धटपणावर छडी चालविली, तर रोग झांकला जाऊन सोंग तेवढें पक्कें होतें.

शिक्षेंतहि न्याय असावा लागतो. बाळ गंगाधरांच्या शेंगांच्या टरफलांची आख्यायिका आपण प्रत्येक जयंतीस कौतुकानें सांगतों. तिचें मर्म काय? न केलेल्या अपराधाचा दंड त्या बालकानें नाकारला. आणि तीच आख्यायिका सांगून झाल्यावर एकाच्या खोडीसाठीं सबंध वर्गास उन्हांत उभें करतों! न्यायालयांत चोराचीहि बाजू ऐकल्यावांचून निकाल देतां येत नाहीं. मग आपल्याच लेंकराची बाजू ऐकण्यास पांच मिनिटें नसावींत काय?

हें सारें पुस्तकी आहे असें ज्यांस वाटेल, त्यांनीं आपल्याच प्रांताचा इतिहास पहावा. साने गुरुजी १९२४ ते १९३० या काळांत अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक होते व तेथील छात्रालय त्यांनीं सांभाळलें. मुलांच्या खोल्या अस्ताव्यस्त दिसल्या, तर ते रागें न भरतां स्वतः त्या आवरून ठेवीत. लाजलेलीं मुलें दुसऱ्या दिवशीं आपण होऊन आवरूं लागत. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९२४ पासून साताऱ्याच्या वसतिगृहांत निरनिराळ्या जातींचीं मुलें एकत्र राहवून त्यांच्याकडूनच कामें करविलीं. अंगावर जबाबदारी पडलेल्या मुलास दंगा करावयास सवड कमी मिळते. आमच्या मराठवाड्यांत स्वामी रामानंद तीर्थ हे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत व पुढें याच जिल्ह्यांतील अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयांत शिक्षक म्हणून राबले. निजामाविरुद्धच्या लढ्याचें नेतृत्व ज्यानें पुढें केलें, तो प्रथम मुलांमध्यें राहणारा मास्तर होता.

तेव्हां शाळांनीं काय करावें? आमच्या सूचना साध्या आहेत व त्यांस फारसा पैसा लागत नाहीं. नियम पांचांहून अधिक नसावेत. ते मुलांशीं बोलून ठरवावेत व जूनच्या पहिल्या आठवड्यांत धड्यासारखे शिकवावेत. आणि शिक्षकांनीं ते आधीं पाळावेत, कारण तास बुडविणाऱ्या मास्तरानें वक्तशीरपणा शिकविणें व्यर्थ आहे. प्रत्येक शिक्षकाकडे वीस-पंचवीस मुलांचें पालकत्व सोंपवावें. ज्यांचे आईबाप बाहेरगांवीं आहेत त्यांची यादी दिवाळीपूर्वींच करावी व थळावरील आईबापांशीं महिन्यांतून एकदां तरी दूरध्वनीनें बोलणें घडवावें. परतलेल्या मुलांसाठीं स्वतंत्र तास ठेवावेत. दंगा झाला तर तो कोणत्या तासास, कोठें व कशावरून झाला याची वही ठेवावी. पुष्कळदां असें आढळेल, कीं दोष मुलापेक्षां रिकाम्या तासाचा आहे. शिक्षा म्हणून भरपाई करवावी: बांक मोडला तर तो दुरुस्त करण्यास हात लावावा, कोणास दुखविलें तर त्याची समजूत घालावी. आणि चांगलें वागणाऱ्याची दखल चारचौघांत, तर चुकणाऱ्याची कानउघाडणी एकांतांत व्हावी.

यांत ढिलाई आहे असा आक्षेप येईल. आमच्या मतें ढिलाई छडींत आहे, कारण ती क्षणांत आटोपते व पुढील जबाबदारींतून मोकळें करते. जेथें कडकपणा हवा तेथें तो हवाच. मुलींची छेड, दुबळ्या मुलाचा छळ, जातीवरून टोमणे, या गोष्टींस ‘पोरांची थट्टा’ म्हणून पांघरूण घालतां कामा नये. लैंगिक अत्याचाराची माहिती दडवणें हा २०१२ च्या कायद्याप्रमाणें गुन्हा आहे, आणि महाराष्ट्र सरकारनें २०२२ सालीं शाळाशाळांतून सखी सावित्री समित्या नेमण्याचा आदेश दिला तो कागदावर ठेवण्यासाठीं नव्हे.

आतां दुसरा शब्द, दाखला. आठवीपर्यंत मुलास शाळेंतून काढतां येत नाहीं. नववींत तें संरक्षण संपतें, आणि संस्थेचा निकाल उजळ रहावा म्हणून ‘वाह्यात’ मुलांस वाट दाखविण्याचा मोह तेथेंच सुरू होतो. शहरांत नांव कमी झालेला मुलगा दुसरी शाळा पाहतो; येथें त्याच्यापुढें कोयता असतो, आणि मुलीपुढें बोहला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत बीड जिल्ह्यांतील वीस ते चोवीस वर्षांच्या शंभर स्त्रियांपैकीं चाळिसांहून अधिक स्त्रियांचीं लग्नें अठरा वर्षांपूर्वीं झालेलीं आढळलीं. हा आंकडा डोळ्यांपुढें ठेवून मुख्याध्यापकांनीं दाखल्यावर सही करावी. त्या सहीनें शाळेची कटकट मिटते. एका मुलीचें बालपणहि मिटतें.

सरकारचें कर्तव्य याहून मोठें आहे. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठीं हंगामी वसतिगृहांची योजना आहे. संत भगवानबाबांच्या नांवानें ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहें उभारण्याचें २०२१ सालीं जाहीर झालें. हे भगवानबाबा नारायणगडाच्याच परंपरेंत वाढलेले; जमीन विकावी लागली तरी मुलांस शिकवा, असें ते लोकांस सांगत, ही आठवण आजहि या भागांत जिवंत आहे. त्यांच्या नांवाची वसतिगृहें हंगाम सुरू होण्याच्या दिवशीं उघडीं असावींत, हंगाम अर्धा सरल्यावर नव्हे. आणि ज्या गडावर हजारों माणसें शब्द ऐकावयास जमतात, तेथील कीर्तनांतून ‘लेंकरास मारूं नका, शाळेंतून काढूं नका’ हा शब्द निघाला, तर तो कोणत्याहि परिपत्रकाहून दूर पोंचेल.

शेवटीं एक गोष्ट विसरतां कामा नये. १९३८ सालीं वंदे मातरम् म्हटल्याबद्दल निजामी राज्यांत शेंकडों विद्यार्थी ‘बेशिस्त’ म्हणून काढून टाकण्यांत आले. नागपूरच्या विद्यापीठानें त्यांस जवळ केलें, आणि त्या चळवळींतील एक विद्यार्थी पी. व्ही. नरसिंहराव १९९१ सालीं देशाचा पंतप्रधान झाला. प्रत्येक दंगेखोर मुलगा देशभक्त असतो असें यावरून ठरत नाहीं. परंतु काढून टाकणाऱ्यापेक्षां जवळ करणारा दूरचें पाहतो, एवढें ठरतें. भीतीनें गप्प बसलेला वर्ग म्हणजे शिस्तीचा वर्ग नव्हे. मास्तर वर्गाबाहेर गेल्यावर जो वर्ग आपलें काम करीत राहतो, तोच उद्यां स्वतंत्र देशाचें काम करील. तो वर्ग घडविण्याचें काम शाळेंनें अंगावर घ्यावें व गांवानें तिच्या पाठीशीं उभें रहावें, एवढेंच आमचें मागणें आहे.