एकेकट्याने मरणाऱ्यांचा हिशेब

पुण्याच्या भाच्याशी परवा फोनवर जुंपली. आपत्तीसाठी सरकारकडे पैसा थोडाच असतो, तेव्हा जिथे नुकसान सर्वांत मोठं तिथे तो लावावा, म्हणजे पुरावर, असं त्याचं म्हणणं. इंजिनियर माणूस, बोलणं बिनतोड वाटतं. अशी भांडणं फोनवर पुरी होत नाहीत, म्हणून इथे लिहितो. बाकीच्या नातेवाईकांनीही वाचावं, कारण ‘मामा काहीतरीच बोलतात’ असा निरोप सगळीकडे पोचलेला आहेच!

पूर खोटा नाही. २०२२ च्या जुलैत वर्धा नदीने आमच्या वणी तालुक्यातल्या काठावरच्या गावांना वेढलं होतं. पऱ्हाटी, सोयाबीन पाण्याखाली गेलं. पण पुराला वाली असतो. पूर आला की नाव येते, कॅमेरे येतात, पुढारी गमबूट घालून येतात. आणि ते यावेतच, त्याबद्दल तक्रार नाही.

विजेला मात्र वाली नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात निसर्गाच्या तडाख्याने ८,०६० माणसं गेली, त्यातली २,८८७ वीज पडून. एक तृतीयांशाहून जास्त! पण ती एका जागी, एका दिवशी गेली नाहीत. कुणी वखर सोडून बैल बांधताना गेला, कुणी निंदताना पाऊस आला म्हणून धुऱ्यावरच्या कडुनिंबाखाली उभी राहिली ती तिथेच गेली. पेपरात चार ओळी. रोज मरे त्याला कोण रडे, ही म्हण आपण वर्गात वाक्यात उपयोग करायला सांगायचो. सरकारी खर्चात तिचा इतका चोख उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी राज्यांच्या आपत्ती निधीची वाटणी घालून दिली होती. शंभर रुपयांतले चाळीस तातडीच्या मदतीला, तीस पुन्हा उभारणीला, दहा पूर्वतयारीला आणि वीस मुळात धोका कमी करायला. म्हणजे सत्तर रुपये घडून गेल्यावर आणि तीस घडायच्या आधी. हे वीस वेगळे काढले ही गोष्ट चांगलीच झाली. पण केंद्राच्या ठरीव आपत्तींच्या यादीत त्या काळात पूर, भूकंप, गारपीट, अगदी हिमस्खलनही होतं, वीज आणि उष्णतेची लाट मात्र नव्हती. हिमस्खलन आमच्या राजूरला व्हायचं म्हणजे कमालच. महाराष्ट्राने आपल्या अधिकारात वीज राज्याची आपत्ती मानली, त्यामुळे वारसांना चार लाख मिळतात. मेल्यावर चार लाख. त्या घराला ते हवेतच, एक पैसा कमी करू नये. पण तो माणूस जिवंत घरी यावा म्हणून त्याच्या वावरापर्यंत चार हजार तरी पोचले का, एवढंच मला विचारायचं आहे.

आता कुणी म्हणेल, वीज अटकाव यंत्रं बसवतात की. बसवतात, पण कुठे? ग्रामपंचायतीच्या नाहीतर शाळेच्या छतावर. ते यंत्र आपल्या भोवतालचा थोडासा भाग सांभाळतं. माणसं मरतात दोन-तीन किलोमीटरवर, शिवारात. म्हणजे इमारत वाचते. उद्घाटनाचा फोटोही इमारतीपाशीच नीट येतो, हा भाग वेगळा.

पुण्याच्या हवामान संस्थेने ‘दामिनी’ नावाचं अॅप काढलं आहे, वीज पडायच्या आधी इशारा देतं. काम उत्तम. पण निंदायला गेलेल्या बाईजवळ फोन कुठला? असला तर तो डब्याच्या पिशवीत, पिशवी धुऱ्यावर. तो इशारा कुणीतरी मोठ्याने सांगायला हवा. आमच्या या कॉलरीच्या गावात भोंगा काय असतो हे कुणाला शिकवावं लागत नाही. एकेकाळी खाणीच्या भोंग्यावर आसपासच्या वावरांतली माणसं न्याहारीला बसायची, खाणीत कधी पाऊलही न टाकलेली. तसाच एक भोंगा, तो वाजवायला मानधनावर एक माणूस, आणि शिवारात अंतरा-अंतरावर जमिनीत नीट तार सोडलेल्या पक्क्या खोल्या. मृग नक्षत्रापासून परतीच्या पावसापर्यंतचं काम.

उन्हाचंही तेच. इथे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि राजूरच्या चुनाभट्ट्यांवर माणूस वरून सूर्य आणि समोरून भट्टी अशा दोन आगींत उभा असतो. तो संध्याकाळी घरी जाऊन रात्री गेला तर ‘हार्ट अटॅक’ म्हणून मिटतं. खारघरला १६ एप्रिल २०२३ च्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने १४ जण गेले तेव्हा सगळ्या राज्याला ऊन दिसलं, कारण ते गर्दीत गेले. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. त्या शहराने २०१३ साली उन्हाचा आराखडा केला. त्यात यंत्रंबिंत्रं फार नाहीत. आधी इशारा, पाण्याची सोय, दवाखान्यातल्या लोकांना उष्माघात ओळखायला शिकवणं. असल्या खर्चाला फीत कापता येत नाही, हीच त्याची खरी अडचण.

‘मग पुराचं काय, नदीकाठच्यांनी बुडावं का?’ हा प्रश्न येणारच. नाही. पण पुरातही जीव वाचतो तो वेळेवर सांगण्याने आणि हलवण्याने. ओडिशात १९९९ च्या चक्रीवादळात सुमारे दहा हजार माणसं गेली, २०१३ च्या फायलिनमध्ये पन्नासाच्याही आत. मधल्या काळात त्यांनी निवारे बांधले, माणसं तयार केली, लाखोंना आधीच हलवलं. तेव्हा कात्री लावायचीच तर ती सांगणाऱ्या माणसाच्या मानधनाला नको. प्रवेशद्वाराच्या कमानीला लावा, सभागृहाच्या दुसऱ्या मजल्याला लावा. आणि एका दिवसाच्या त्या प्रशिक्षणांनाही, ज्यांत निम्मा वेळ सत्कारात जातो (मी बसलेलो आहे, नारळही मिळाला).

असो. येत्या ग्रामसभेत एक कागद ठेवणार आहे : भोंगा, माणूस, शिवारात चार खोल्या, आणि भट्टीवर दुपारी बारा ते चार काम बंद. खर्चाचा आकडा मात्र पक्का हवा, नाहीतर ‘गुरुजी, बघू’ म्हणून कागद फायलीत जाईल. वाचणाऱ्यांपैकी कुणी अशी खोली विजेच्या तारेसकट बांधली असेल, तर विटा-सिमेंटचा आणि तारेचा हिशेब वेगवेगळा लिहून पाठवा.