नाव राहिले, नौका गेली

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे ‘विक्रांत’ ही स्वदेशी विमानवाहू नौका नौदलात दाखल झाली, तेव्हा तिच्यावर ‘आर ११’ हाच क्रमांक होता. ४ मार्च १९६१ रोजी बेलफास्ट येथे भारतीय ध्वजाखाली आलेल्या पहिल्या ‘विक्रांत’चा हा क्रमांक. जुन्या नौकेची घंटाही नव्या नौकेकडे सोपविण्यात आली. नौदलाची ही प्रथाच आहे. नौका निवृत्त होते, नाव निवृत्त होत नाही. शिवछत्रपतींनी १६७९ साली इंग्रजांच्या नाकावर टिच्चून ज्या बेटावर दुर्ग उभारला, त्या खांदेरीचे नाव १९६८ साली एका पाणबुडीने धारण केले आणि २०१९ साली माझगाव गोदीत बांधलेल्या दुसरीने. याबद्दल नौदलाचे अभिनंदनच केले पाहिजे. प्रश्न आहे तो नौदलाबाहेरच्यांचा, म्हणजे आपला.

पहिली ‘विक्रांत’ मूळची ब्रिटिशांची, महायुद्ध संपल्यामुळे अर्धवट राहिलेली. ती भारताने १९५७ साली विकत घेऊन पूर्ण करवून घेतली. १९७१ च्या युद्धाच्या वेळी तिच्या बॉयलरला तडा गेलेला होता, वेग मंदावला होता. तरीही तिला पूर्व आघाडीवर धाडण्यात आले. ४ डिसेंबरपासून तिच्या सी हॉक व अलिझे विमानांनी कॉक्स बझार आणि चितगाव बंदरांवर मारा करून पूर्व पाकिस्तानची सागरी वाट रोखून धरली. तिच्या मागावर आलेली ‘गाझी’ ही पाकिस्तानी पाणबुडी विशाखापट्टणमजवळ समुद्राच्या तळाशी गेली.

अशी ही नौका ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. मुंबईत काही वर्षे तिचे संग्रहालय होते. सुरक्षिततेच्या कारणास्तव २०१२ साली तेही बंद पडले. राज्याकडे निधी नव्हता, उद्योगपतींच्या या नगरीतून कोणी पुढे आले नाही. २०१४ साली सुमारे ६० कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला, सर्वोच्च न्यायालयातील याचिका फेटाळली गेली आणि दारूखान्यात तिचे तुकडे झाले. त्यातले काही पोलाद एका कंपनीच्या मोटारसायकलींत वापरले गेले आणि आपण त्याही कौतुकाने विकत घेतल्या!

हे टाळता आले नसते काय? दीवकडे पाहावे. ९ डिसेंबर १९७१ रोजी दीवनजीकच्या समुद्रात ‘खुकरी’ बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक तिच्याबरोबर गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी नौका सोडली नाही. तिचे नाव घेऊन १९८९ साली दुसरी ‘खुकरी’ आली, माझगाव गोदीतच बांधलेली. ती डिसेंबर २०२१ मध्ये निवृत्त झाली आणि पुढच्याच महिन्यात संग्रहालयासाठी दीव प्रशासनाच्या स्वाधीन करण्यात आली. एका चिमुकल्या बेटाला जे जमले, ते देशाच्या आर्थिक राजधानीला जमले नाही. अर्थात ‘खुकरी’ लहान, ‘विक्रांत’ प्रचंड, हे मान्य. परंतु ‘विराट’साठी निवती येथे संग्रहालय करण्याचा निर्णय २०१८ साली राज्य मंत्रिमंडळाने घेतला होता; २०२० साली तीही अलंगच्या किनाऱ्यावर मोडीत निघण्यासाठी पोहोचली.

माझगाव गोदीने बांधलेल्या ‘दिल्ली’ आणि ‘म्हैसूर’ या विनाशिका आपापल्या नावाच्या दुसऱ्या नौका आहेत. दोघींनीही सेवेची पंचविशी ओलांडली आहे. त्यांच्यासाठी जागा आणि पैसा शोधण्याचे काम राज्य शासनाने आणि मुंबईकरांनी निवृत्तीचा दिवस उजाडण्याची वाट न पाहता आजच हाती घ्यावे.