सराव परीक्षा विकत घेण्याआधी

माझी भाची कुर्डुवाडीत राहून नीटची तयारी करत होती. लातूरची गाडी आमच्याच स्टेशनातून जाते, पण तिथला क्लास आणि वसतिगृह या दोन्हींचा खर्च बहिणीला झेपणारा नव्हता. म्हणून तिने भिशीच्या पैशांतून एक टेस्ट सिरीज घेऊन दिली. पोरीने मन लावून पन्नासेक पेपर सोडवले. मे २०२५ मध्ये परीक्षा देऊन आली आणि म्हणाली, "मामू, शेवटचे वीस प्रश्न वाचलेच नाहीत."

सिरीज उघडून पाहिली, तेव्हा कारण कळलं. पेपर जुन्या पद्धतीचे होते. २०२४ पर्यंत २०० पैकी १८० प्रश्न सोडवायचे असत आणि वेळ २०० मिनिटं असे. २०२५ पासून १८० प्रश्न, सगळे सक्तीचे, आणि वेळ १८० मिनिटं. हा बदल जानेवारीतच जाहीर झाला होता. विकणाऱ्याने पेपर बदलले नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही. यात आमचीही चूक आहे.

आपण पालक सराव परीक्षा निवडताना किती पेपर मिळतात ते मोजतो. पाहायला हवं ते वेगळंच. पेपर चालू पद्धतीचा आहे का? २०२४ साठी अभ्यासक्रमातून वगळलेले धडे त्यात अजून आहेत का? प्रश्न एनसीईआरटीच्या नव्या आवृत्तीवर आहेत का? २०२४ मध्ये भौतिकशास्त्राचा एक प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जुन्या आवृत्तीप्रमाणे उत्तर दिलेल्यांनाही आधी गुण मिळाले होते. मग आयआयटी दिल्लीच्या तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं आणि त्या मुलांचे चार अधिक एक असे पाच गुण गेले. अशी मुलं चार लाखांहून जास्त होती.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: प्रत्येक उत्तराचं स्पष्टीकरण आहे का? तीन तासांचा पेपर सोडवल्यावर तेवढाच वेळ चुका पाहण्यात गेला पाहिजे. कोणतं येत नव्हतं, कोणतं घाईत चुकलं, कुठे अंदाज मारला, हे वहीत लिहायला हवं. असे दहा पेपर नुसत्या पन्नासांपेक्षा जास्त शिकवतात.

आणि यासाठी भिशी मोडावी लागत नाही. जुने पेपर आणि उत्तरसूची एनटीएच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. आयआयटी कानपूरच्या मदतीने शिक्षण मंत्रालयाने सुरू केलेल्या 'साथी' पोर्टलवर सराव परीक्षाही फुकट मिळतात. आपल्यातले बागवान, अत्तार, मोमीन अशा ओबीसी दाखला असलेल्यांनी महाज्योतीच्या मोफत प्रशिक्षणाची चौकशी जरूर करावी.

पण मोबाईलवरचा सराव पुरेसा नाही. नीट कागदावर होते, ओएमआरवर गोळे काळे करावे लागतात. घरात तीन तास शांतता मिळत नाही, मुलींना तर नाहीच. मध्येच कुणीतरी चहा सांगतं.

आपल्या गावात शादीखाना आहे, शाळेचे वर्ग आहेत. रविवारी ते बहुतेक रिकामेच असतात. लग्नाच्या एका जेवणावळीत जेवढं उरतं, तेवढ्या पैशात वर्षभराच्या झेरॉक्स निघतील. जोहरची नमाज झाली की दोन ते पाच, अगदी परीक्षेच्याच वेळेला, पेपर घ्यायचा. मुलं कोणत्याही समाजाची असोत, दार उघडं ठेवायचं. एखादे निवृत्त शिक्षक देखरेखीला बसतील.

भाची यंदा पुन्हा तयारी करते आहे. पहिल्या रविवारी तिच्या शेजारी आणखी चार मुली बसलेल्या पाहायच्या आहेत मला.