उठवलेल्या गावांची नोंद

बोईसर स्थानकावर उतरणाऱ्यास तारापूरच्या अणुवीज केंद्राची वाट कोणीही दाखवील. अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे कोठे होती, हे सांगणारे मात्र दिवसेंदिवस कमी होत आहेत. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या आणि देशातील अणुविजेचा प्रारंभ झाला. पुढे प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या आणखी दोन भट्ट्यांसाठी किनाऱ्यावरील या दोन गावांना उठावे लागले. २००५ व २००६ मध्ये त्या भट्ट्या वीज देऊ लागल्या. केंद्राचा इतिहास लिहिला गेला. गावांचा कोणी लिहावयाचा?

भरपाईच्या कागदावर जमीन गुंठ्यांत मोजली जाते. होडी कोणत्या भरतीला लोटावी, मासळी कोठे वाळवावी, या पिढ्यान्‌पिढ्यांच्या ज्ञानासाठी त्यात रकाना नसतो. पुनर्वसनाचा वाद न्यायालयापर्यंत गेला, तो अशा न मोजलेल्या गोष्टींमुळेही होय.

अमेरिकेतील हॅनफर्डचे उदाहरण येथे बोलके आहे. १९४३ मध्ये युद्धकाळातील प्लुटोनियमच्या कारखान्यासाठी हॅनफर्ड व व्हाइट ब्लफ्स ही गावे रिकामी करण्यात आली. त्या जागी चाळीस हजारांहून अधिक कामगारांचे नगर उभे राहिले आणि बांधकाम संपताच तेही ओस पडले. तेथील प्लुटोनियम नागासाकीवरील बॉम्बमध्ये वापरले गेले. तारापूरची भट्टी विजेसाठी आहे, हा भेद मोठाच. परंतु २०१५ मध्ये तेथे राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झाले, तेव्हा अणुभट्टीबरोबर उठवलेल्या गावांची शाळा आणि बँक यांच्या वास्तूंनाही त्यात स्थान मिळाले, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

पुनर्वसनाचे प्रश्न शिल्लक असता इतिहासाची चैन कशाला, असा आक्षेप येईल. तो टिकणारा नाही. विस्थापितांच्या बाबतीत इतिहास हाच हक्काचा पुरावा असतो. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा झाला. अशा वेळी जुने दप्तर गहाळ होऊ न देणे हे प्रशासनाचे कर्तव्यच होय. गावनकाशे, सात-बाराचे उतारे, शाळेची हजेरीपत्रके आणि ग्रामपंचायतीची इतिवृत्ते एकत्र आणून ती जिल्ह्याच्या ठिकाणी सर्वांना पाहता येतील अशी ठेवावीत. येथील शिक्षकांनी व विद्यार्थ्यांनी वृद्धांच्या आठवणी लिहून घ्याव्यात. या कामाला मोठा निधी लागत नाही. वेळ मात्र थोडा उरला आहे. ज्या गावांनी देशाच्या दिव्यांसाठी आपली घरे सोडली, त्यांची नावे तरी अंधारात राहू नयेत.