खेळाचे सोंग

‘खेळातून शिक्षण’ हे शब्द हल्ली इतके सर्वतोमुखी झाले आहेत की, त्यांच्याविरुद्ध ब्र काढणारा मनुष्य एक तर अडाणी ठरावा, नाही तर मुलांचा वैरी. बालवर्गाच्या माहितीपत्रकावर ते असतात, खेळण्यांच्या खोक्यांवर असतात, आणि पालकसभेतील भाषणाचा आरंभही बहुधा त्यांनीच होतो. छडी गेली, वर्गाच्या भिंतींवर ससे आणि फुलपाखरे आली. मग तक्रारीला जागा कोठे उरली, असे एखाद्या सुशिक्षित गृहस्थाने विचारले तर नवल नाही. तथापि आमचे म्हणणे असे आहे की, या घोषणेच्या आड जे चालले आहे त्यातील पुष्कळसा भाग खेळाचे निव्वळ सोंग आहे. छडीचे वळ चार दिवसांत मावळत असत. या सोंगाने मुलाच्या जिज्ञासेवर उठणारा वळ मात्र कोणाच्या दृष्टीसही पडत नाही.

खेळ म्हणजे काय, हे आधी ठरविले पाहिजे. ज्या कृतीचा हेतू करणाऱ्याने स्वतः निवडला आहे, जिचे नियम त्याला मोडता येतात व नवे घालता येतात, आणि जी थांबविण्याचा अधिकार त्याच्याच हाती आहे, ती कृती खेळ होय. ठोकळे रंगीत असल्याने त्यांची सक्तीची मोजदाद खेळ होत नाही. इंग्रजी वर्णमाला टाळ्यांच्या तालावर म्हणवून घेतली तरी घोकंपट्टी ती घोकंपट्टीच. कडू काढ्यात साखर घातली म्हणून त्याला कोणी सरबत म्हणत नाही, आणि लहान मूल तर तसे कधीच म्हणत नाही. चवीच्या बाबतीत ते आपणांहून शहाणे असते.

आता अशा स्वच्छंद खेळात मूल शिकते तरी काय, असा प्रश्न येईल. लेव्ह व्हिगॉट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३३ साली एका व्याख्यानात त्याचे मार्मिक उत्तर दिले. काठीवर टांग टाकून धावणाऱ्या पोराच्या हाती काठी असते, पण मनात घोडा असतो. म्हणजे डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूपासून तिचा अर्थ सोडवून घेण्याची करामत ते करीत असते. पुढे अक्षर ओळखणे, अंक मांडणे, नकाशा वाचणे या सर्वांचा पाया हाच आहे: जे समोर आहे त्याने जे समोर नाही ते दर्शविणे. आमच्या घरांतील भातुकलीकडेही याच दृष्टीने पाहावे. आई झालेली चार वर्षांची मुलगी हातातले चुरमुरे स्वतःच्या तोंडात न टाकता आधी पाहुण्यांच्या पानांत वाढते. खऱ्या आईच्या दहा दटावण्यांनी जो संयम येत नाही, तो येथे आपखुशीने येतो. कारण नियम तिचा स्वतःचा आहे.

दिवाळीतील किल्ल्याचे उदाहरण तर महाराष्ट्रातील प्रत्येक घराच्या ओळखीचे आहे. दगडविटा रचाव्यात, चिखलात बुडविलेले गोणपाट त्यांवर पसरावे, माती लिंपावी, हळीव पेरावे आणि मावळे उभे करावेत. बुरूज ढासळतो, मग पाया रुंद करावा लागतो. तळ्यातले पाणी मुरते, मग त्याखाली काही तरी घालावे हे सुचते. उतार फार उभा झाला तर माती धुऊन जाते आणि हळीवही जाते. अंदाज, चूक, कारणाचा शोध आणि पुन्हा प्रयत्न, ही शास्त्रीय विचाराची सारी पावले गुडघाभर चिखलात पडत असतात, आणि त्यांसाठी कोणी तासिका नेमलेली नसते. हल्ली बाजारात तयार किल्ला विकत मिळतो. जेथे तो अजून हाताने होतो तेथे किल्ल्यांच्या स्पर्धा भरतात आणि पारितोषिकाच्या आशेने वडीलमंडळीच बाह्या सरसावून पुढे होतात. मूल पाणी आणून देण्याच्या कामावर राहते. किल्ला सुबक होतो यात शंका नाही. ज्याच्यासाठी तो करावयाचा, त्याची बुद्धी मात्र त्या सुबकपणाच्या पायरीशी ताटकळत बसते.

येथे बक्षिसाचा प्रश्न ओघानेच येतो. बक्षिसाने उत्साह वाढतो, ही आपली एक पक्की समजूत. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या तीन अमेरिकन संशोधकांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या समजुतीला चांगलाच धक्का देतो. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील तीन ते पाच वर्षांची, मुळातच चित्रे काढण्याची आवड असलेली मुले त्यांनी निवडली. काहींना आधीच सांगितले की चित्र काढल्यास सोनेरी चांदणी व फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल; काहींना तेच प्रशस्तिपत्र न सांगता, मागाहून दिले; काहींना काहीच दिले नाही. एकदोन आठवड्यांनी तेच रंग वर्गात ठेवून मुले आपखुशीने काय करतात हे पाहिले. ज्यांनी चांदणीचा सौदा केला होता, त्यांनी चित्रांना इतरांच्या मानाने सुमारे निम्माच वेळ दिला. अकल्पितपणे चांदणी मिळालेल्यांचे काहीच बिघडले नव्हते. दोष त्या कागदाकडे नव्हता; ‘हे केलेस तर ते देईन’ या कराराकडे होता. जे काम आनंदाचे होते ते करार होताच मजुरीचे झाले, आणि मजुरी बंद झाल्यावर कोणता मजूर कामावर राहतो? आमच्या बालवर्गांतून मनगटांवर चांदण्यांची खिरापत रोज वाटली जात आहे, आणि पुढे हीच मुले ‘याचे गुण किती?’ असे विचारू लागली की आपण त्यांच्या पिढीला नावे ठेवतो.

दुसरा दोष याहून सूक्ष्म आहे, आणि तो शिकविण्याच्या अतिउत्साहात आहे. एलिझाबेथ बोनाविट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात बालवाडीतील मुलांना एक नवे खेळणे दाखविले. त्यात आवाज, दिवा, सूर, आरसा अशा अनेक गमती दडविलेल्या होत्या. काही मुलांना शिक्षकाच्या थाटात सांगितले की, हे खेळणे असे चालते, आणि एकच गंमत करून दाखविली. इतर काहींसमोर तीच गंमत चुकून हाती लागल्याचे नाटक केले. पहिल्या मुलांनी दाखविलेलेच पुनःपुन्हा केले आणि थोड्या वेळात खेळणे बाजूस ठेवले. दुसरी मुले शोधत राहिली व त्यांना अधिक गमती सापडल्या. पहिली मुले मंद नव्हती. जाणत्या माणसाने एवढेच दाखविले त्या अर्थी यात एवढेच असावे, हे त्यांचे अनुमान तर्कशुद्ध होते. अधिकारवाणीने दिलेला प्रत्येक पाठ मुलाला दोन गोष्टी सांगतो: एक, हे असे आहे; आणि दुसरी, यापुढे शोधण्यासारखे काही नाही. पहिली गोष्ट परीक्षेत विचारली जाते. दुसरी जन्मभर पुरते.

कोणी म्हणेल, हे सर्व खरे असले तरी जग स्पर्धेचे आहे. शेजारचा मुलगा चौथ्या वर्षी वाचू लागला आणि आमचा काठीच्या घोड्यावर बसून राहिला तर तो कायमचा मागे पडेल. ही भीती खोटी आहे असे म्हणून आम्ही तिची थट्टा करणार नाही. पालकाच्या पोटातील माया तिच्यामागे असते. परंतु तिचा आधार तपासला पाहिजे. न्यूझीलंडमध्ये पाचव्या वर्षी वाचन शिकू लागलेल्या आणि सातव्या वर्षी शिकू लागलेल्या मुलांची तुलना सेबॅस्टियन सुगेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली प्रसिद्ध केली. अकराव्या वर्षाच्या सुमारास दोहोंच्या वाचनात अंतर उरले नव्हते. एका अभ्यासाने जगाचा निकाल लागत नाही हे आम्ही जाणतो. पण दोन वर्षांच्या घाईचे फळ एवढेच असेल, तर त्यासाठी बालपणाची दोन वर्षे मोजणे हा कोणत्या हिशेबी गृहस्थाचा व्यवहार?

दुसरा आक्षेप असा की, मग मोठ्यांनी हात बांधून बसावे काय? मुळीच नाही. मुलाला स्वभावतः गोडी नसलेल्या कामासाठी क्वचित खाऊचे आमिष दाखविले तर आकाश कोसळत नाही. आणि मुलाला एकटे टाकणे म्हणजे स्वातंत्र्य देणे, असेही आम्ही मानीत नाही. मोठ्यांचे काम साहित्य पुरविण्याचे, धोका टाळण्याचे, विचारलेल्या प्रश्नाचे खरे उत्तर देण्याचे आणि न विचारलेले उत्तर गिळण्याचे आहे. यांतील शेवटचे सर्वांत अवघड.

हा विचार परदेशातूनच उसना आणावा लागेल असेही नाही. १९२० साली भावनगरात गिजुभाई बधेका यांनी बालमंदिर काढले. तेथे त्यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे आयुष्य बालशिक्षणास वाहिले. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला, १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू झाले, आणि १९५७ मध्ये ते कोसबादच्या टेकडीवर गेले. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने त्यांच्या अंगणात जावे, या साध्या विचारातून अंगणवाडी उभी राहिली. बिया, शिंपले, पाने, खडे हे तिचे साहित्य. १९७५ साली केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना काढली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. दैवाचा खेळ असा की, आदिवासी पाड्यावरील मुलासाठी जे बियांखड्यांनी फुकट साधले, त्याच्या नावाने मध्यमवर्गीय घरे आज भरमसाट शुल्क भरून गृहपाठ विकत घेत आहेत.

सरकारी कागदांचीही वाण नाही. १९९३ साली यशपाल समितीने बालवर्गाच्या प्रवेशासाठी होणाऱ्या परीक्षा व मुलाखती बंद कराव्यात असे सांगितले. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिसऱ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंतचे शिक्षण खेळावर उभारावे असे म्हटले. पण धोरण दिल्लीत लिहिले जाते आणि मूल घरात वाढते. शाळा पालकांना हवे तेच विकते. मागणी आमची आहे. पाच वर्षांच्या मुलाच्या वहीची पाने मोजणारे आम्ही, आणि ती कमी भरली म्हणून शाळा बदलणारेही आम्हीच.

म्हणून उपाय कोणा मंत्र्यापाशी नसून आमच्या दिवाणखान्यात आहे. मूल संध्याकाळी घरी आले की ‘आज काय शिकलास?’ या उलटतपासणीस काही दिवस सुटी द्यावी. दिवसातून दोन तास त्याला असे द्यावेत की ज्यांचा हिशेब कोणी मागणार नाही. चित्र दाखविले तर ‘शाबास’ची मोहोर उमटविण्याऐवजी ‘हा माणूस कोठे चालला आहे?’ असे विचारावे. आणि येत्या दिवाळीत किल्ला वाकडा झाला, बुरूज दोनदा पडला, शिवाजी महाराजांच्या सिंहासनापेक्षा शेजारचा वाघ मोठा निघाला, तरी मातीला हात लावू नये. तो किल्ला त्याचा आहे. तो सर करण्याचा हक्क आपणांस नाही.